डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर : परक्या झाडांचा माग काढणारे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ



परिसर अभ्यासात आणि पुढे सामान्य विज्ञानात एक वाक्य आपण दरवर्षी शिकवतो. वनस्पती परिस्थितीशी जुळवून घेतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळतात. पण जुळवून घेतात म्हणजे नेमकं काय होतं? तेच झाड बदलतं, की त्याची पुढची पिढी बदलते? हा प्रश्न एखाद्या हुशार मुलानं विचारला तर उत्तर देताना आपण जरा थांबतो. आजच्या लेखात एका मराठी शास्त्रज्ञाचं चरित्र बघू. त्यांच्या कामाचा धागा धरून या प्रश्नाचं उत्तरही सापडतं.

त्यांचं नाव डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर. नाव वाचताना सावध राहायचं. गोपाळ गणेश आगरकर वेगळे, ते समाजसुधारक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. हे आघारकर, 'घा' असलेले. गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर रस्ता! स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं इथं हमखास चुकतात.

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे नाव माहीत नसेल, पण त्यांच्या कामाची खूण त्याच्या घरात येऊन गेलेली असते. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस ११८८ किंवा एमएसीएस १२८१ असं वाण लिहिलेलं असतं. यातलं एमएसीएस म्हणजे महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, मराठीत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. ही संस्था उभी केली ती आघारकरांनी.

मालवणचा मुलगा

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. मालवण आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचं उच्च शिक्षण घेतलं आणि तिथेच काही काळ शिकवलंही. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, मास्तरकीची.

पण हे मास्तर सुट्टीत घरी बसणारे नव्हते. सह्याद्रीत कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांमध्ये फिरताना त्यांना पाण्यात एक छोटा पारदर्शक जीव सापडला. तो होता जेलीफिश. जेलीफिश समुद्रात असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण साताऱ्याकडच्या डोंगरातल्या गोड्या पाण्यात? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्ये या जीवाचं वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिलं. वनस्पतींचा अभ्यासक म्हणून पुढे नाव झालेल्या माणसाची पहिली मोठी नोंद अशी एका प्राण्याची आहे.

जो जीव जिथे असायला नको तिथे तो कसा पोहोचला, हा प्रश्न त्यांना इथे भेटला. पुढच्या आयुष्यातही तो वेगवेगळ्या रूपात भेटत राहिला.

बर्लिन आणि महायुद्ध

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जींच्या पुढाकारानं विज्ञान महाविद्यालय उभं राहत होतं. रासबिहारी घोष यांच्या देणगीतून काही प्राध्यापकपदं निर्माण झाली. त्यातलं वनस्पतिशास्त्राचं पद आघारकरांना मिळालं. वय होतं एकोणतीस. नेमणूक झालेल्यांनी परदेशात जाऊन पुढचं शिक्षण घ्यावं अशी सोय होती. आघारकर जर्मनीला गेले.

आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

भारत तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. त्यामुळे जर्मनीच्या दृष्टीनं आघारकर शत्रुराष्ट्राचे प्रजाजन झाले. त्यांना काही काळ नजरकैदेत राहावं लागलं. कलकत्त्याचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देबेंद्रमोहन बोस हेही असेच बर्लिनमध्ये अडकले. घरी परतायचा मार्ग बंद, युद्ध कधी संपेल याचा भरवसा नाही, खाण्यापिण्याची टंचाई. अशा अवस्थेतही आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. १९२० च्या सुमारास ते मायदेशी आले. मध्ये जवळजवळ सहा वर्षं गेली होती.

त्यांचा प्रबंधाचा विषय आपल्याला फार जवळचा आहे. भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीतल्या वनस्पती कुठून आल्या आणि त्यांच्या बिया एका जागेवरून दुसरीकडे कशा पोहोचतात, याचा तो अभ्यास होता. आपल्या शाळेच्या मैदानातच बघा. रुईचं बोंड फुटलं की म्हातारी वाऱ्यावर उडते. आघाड्याचं बी विजारीला चिकटतं. गोखरूचा काटा चपलेत रुततो आणि दुसऱ्या गल्लीत जाऊन पडतो. मुलं ज्याला खोडी समजतात तो झाडाचा प्रवास असतो.

कलकत्त्यातली जलपर्णी

आघारकर कलकत्त्याला परतले तेव्हा बंगालसमोर एक मोठं संकट होतं. जलपर्णी! मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती. जांभळी, देखणी फुलं म्हणून शोभेसाठी आणली आणि मग नद्या, तळी, भातखाचरं तिनं व्यापली. नावा चालेनात, मासे मरू लागले, पीक बुडू लागलं. १९२१ मध्ये सरकारनं जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे १९३६ मध्ये बंगालात जलपर्णीविरुद्ध कायदाच झाला.

बंगालच्या खेड्यांत या झाडाला जर्मन पाना म्हणत. युद्धात इंग्रजांना त्रास द्यायला जर्मनांनी ते सोडलं, अशी अफवा होती. गंमत बघा, त्याच युद्धात जर्मनीत अडकून आलेला मराठी प्राध्यापक आता त्याच झाडाचं फूल सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला होता.

आघारकर आणि त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी जलपर्णीचं परागीभवन आणि बीजनिर्मिती यांचा अभ्यास केला. तो शोधनिबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, नदी तुंबली आहे आणि हे फुलातलं बी कसलं शोधत बसलेत? पण प्रश्न मुळावर घाव घालणारा होता. हे झाड दोन प्रकारे वाढू शकतं. एक म्हणजे आईच्या अंगातून आडवी फांदी निघते आणि टोकाला पिल्लू तयार होतं, केळीच्या मुनव्यासारखं. दुसरा प्रकार बियांचा. पहिल्याच प्रकारानं वाढत असेल तर पाण्यावरचं सगळं उपटलं की काम संपलं. बीही धरत असेल तर उपटल्यानंतरही चिखलात पुढची फौज झोपलेली राहणार.

आज आपल्याला माहीत आहे की जलपर्णीचं बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. ते रुजायला उजेड लागतो. पाणी ओसरलं, चिखल उघडा पडला, ऊन लागलं की ते उगवतं. नाशिकपासून नांदेडपर्यंत गोदावरीत जलपर्णीचे हिरवे पट्टे दिसतात, आणि एकदा काढून पुन्हा का येतात, याचं अर्धं उत्तर या बियांत आहे.

झाड बदलतं की पिढी बदलते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

मोकळ्या पाण्यातली जलपर्णी बुटकी असते. तिच्या पानाचा देठ फुग्यासारखा फुगलेला असतो, त्यावर ती तरंगते. हीच जलपर्णी दाटीवाटीत वाढली की देठ लांब आणि सडपातळ होतो, हातभर वाढतो. दोन्ही शेजारी ठेवल्या तर दोन वेगळी झाडं वाटतील.

हे कसं घडतं? पानाला उजेडातला तांबडा भाग खायला लागतो. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा भाग पान सोडून देतं. त्यामुळे दुसऱ्या पानांच्या सावलीत जो उजेड पोहोचतो त्यात तांबडा कमी आणि पलीकडचा जास्त असतो. झाडात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. ते हे प्रमाण ओळखतं. शेजारी दाटले आहेत हे झाडाला असं कळतं आणि ते उंच व्हायला लागतं.

यात झाडाची जनुकं बदलत नाहीत. तीच जनुकं, पण उजेड वेगळा म्हणून रूप वेगळं. जागा बदलली की नवी पानं पुन्हा वेगळी येतात. याला लवचीकता म्हणू.

दुसरा प्रकार पिढ्यांचा आहे. समजा एका झाडाच्या हजारो बिया झाडीच्या सावलीत पडल्या. बियांमध्ये थोडा थोडा फरक असतो. कुणाची पानं जरा पातळ आणि रुंद, कुणाची वाढ सावकाश पण काटकसरीची. सावलीत अशीच रोपं टिकतात, बाकीची मरतात. टिकलेल्यांचं बी पुढच्या वर्षी पडतं. अशा कितीतरी पिढ्या गेल्या की तिथली सगळी झाडं सावलीला सरावलेली दिसतात. इथे एकही झाड स्वतः बदललेलं नसतं. निवड झालेली असते. हे आनुवंशिक अनुकूलन.

मग जलपर्णी जगभर पसरली ती कशानं? २०१० च्या सुमारास अनेक देशांतल्या जलपर्णीची जनुकीय तपासणी झाली. मायदेशाबाहेरची बहुतेक झाडं जनुकांनी एकसारखीच निघाली, जणू एकाच झाडाची पिल्लं. म्हणजे पिढ्यांची निवड होऊन नवे वाण तयार झाले असं फारसं दिसलं नाही. एकाच वाणाची लवचीकता आणि पिल्लं घालण्याचा वेग यांवर तिनं जग व्यापलं.

सावलीत शिरलेलं झुडूप

याच प्रश्नाचं एक सुंदर उदाहरण हवाई बेटांवरचं आहे. क्लिडेमिया नावाचं झुडूप आपल्या मूळ देशात, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, मोकळ्या जागी वाढतं. दाट जंगलात ते दिसत नाही. हवाईत मात्र ते थेट जंगलाच्या सावलीत शिरलं. पाहणाऱ्याला वाटणारच की परदेशात गेल्यावर याच्या जनुकांत बदल झाला आणि ते सावलीत जगायला शिकलं.

शास्त्रज्ञांनी अंदाजावर न थांबता परीक्षा घेतली. मूळ देशातली आणि हवाईतली झुडपं सारख्याच परिस्थितीत, कमी उजेडात आणि जास्त उजेडात, शेजारी शेजारी वाढवली. दोघांत सावली सोसण्याच्या बाबतीत म्हणावा असा फरक निघाला नाही. मग मूळ देशातल्या जंगलात रोपं लावून काहींवर कीटकनाशक आणि बुरशीनाशक फवारलं. फवारलेली रोपं सावलीतही जास्त जगली. म्हणजे मायदेशी सावलीत त्याला मारणारे कीटक आणि बुरशी होत्या. हवाईत ते शत्रूच नव्हते. झाड तेच होतं, शत्रू मागे राहिले होते!

सगळ्याच झाडांचं असं असतं असं नाही. काही परक्या वनस्पतींत खरोखरच पिढ्यांनी बदल झालेले आहेत. पण कोणत्या झाडात काय झालं हे शेजारी शेजारी वाढवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्या परभणीत याचा उपयोग आपण रोज बघतो. गाजर गवत १९५५ साली पुण्यात दिसलं आणि आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आहे. एका झाडाला हजारो बिया. त्याचा शत्रूही मागे राहिला होता, म्हणून मेक्सिकन भुंगे आणले गेले. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हे भुंगे शेतकऱ्यांना मिळत आले आहेत. दुसरा उपाय तरोट्याचा. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला जागा आणि ऊन मिळत नाही, ते मागे हटतं. उन्हाला सवकलेल्या झाडाला सावलीनं हरवायचं, असा हा साधा हिशोब.

केळीची गुणसूत्रं आणि पुण्यातली संस्था

आघारकरांना झाडाच्या आतलं जगही खुणावत होतं. १९३५ मध्ये त्यांनी भादुरी यांच्यासोबत केळीच्या कुळातल्या गुणसूत्रांच्या संख्येवर लेख प्रसिद्ध केला. आपण खातो त्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून त्यांत बी धरत नाही. केळी मुनव्यांनी लावतात ती त्यामुळेच. फुलात बी धरतं की नाही, या प्रश्नावर जलपर्णी आणि केळी अशी एकत्र येतात.

इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीस म्हणूनही त्यांनी काम केलं. सव्वीस वर्षं कलकत्त्यात शिकवून १९४६ मध्ये ते निवृत्त झाले. वय एकसष्ट. एवढी नोकरी झाल्यावर माणूस आराम करतो. आघारकर पुण्याला आले आणि त्याच वर्षी सहकाऱ्यांसह विज्ञानवर्धिनी सुरू केली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स स्थापन केली होती. तिथेच पुढे सी. व्ही. रामन यांनी काम केलं. तसं एक घर महाराष्ट्रात असावं, ही त्यांची इच्छा. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती, हाताशी पैसाही बेताचाच. संचालक म्हणून ते शेवटपर्यंत काम करत राहिले. २ सप्टेंबर १९६० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

१९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. तिथल्या वनस्पतिसंग्रहालयात वाळवून जपलेल्या वनस्पती आहेत. तिथूनच गव्हाचे, सोयाबीनचे, द्राक्षाचे वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचले. झाडं एका जागेवरून दुसरीकडे कशी जातात हे शोधणाऱ्या माणसाच्या संस्थेचं बी आज आपल्या काळ्या रानात उगवतं.

वर्गात हे कसं घ्यावं?

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी एक सोपा उपक्रम सुचवते.

१. एकाच मनी प्लांटच्या वेलीचे सहा तुकडे करा. तीन खिडकीत, तीन वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीत ठेवा.

२. दर आठवड्याला दोन पेरांमधलं अंतर, पानाची रुंदी, रंग यांची वहीत नोंद करा.

३. सहा आठवड्यांनी जागा बदला. नवी पानं कशी येतात ते बघा.

४. सगळे तुकडे एकाच वेलीचे आहेत, मग फरक कुठून आला, हे मुलांनाच विचारा. घाईनं उत्तर देऊ नका.

५. जोडीला कुंडीत मूग टाकून एक कुंडी उन्हात, एक सावलीत ठेवा. सावलीतले मूग लांब आणि फिकट होतील.

एक काळजी घ्या. नदीवरून जलपर्णी आणून शाळेच्या हौदात किंवा गावच्या विहिरीत टाकू नका. बंगालात सुरुवात शोभेपासूनच झाली होती.

पालकांसाठी दोन शब्द

हा लेख झाडांचा आहे आणि मूल म्हणजे झाड नव्हे, हे मान्य. तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या सोनपेठ, गंगाखेड, पाथरी भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं चार-पाच महिने कोपीवर राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वर्गात परत येतात. वाचन मागे पडलेलं असतं, पाढे विसरलेले असतात. अशा वेळी गावात आणि कधी कधी आपल्या स्टाफरूममध्येही बोललं जातं, की या घरात शिक्षण रक्तातच नाही.

रक्तात नाही हे ठरवायला क्लिडेमियासारखी परीक्षा घ्यावी लागते. दोघांना सारखा उजेड देऊन, शेजारी शेजारी वाढवून बघावं लागतं. ती परीक्षा आपण घेतलेली नसते. आपण फक्त सावलीत वाढलेला लांब, फिकट देठ बघतो आणि वाणालाच नाव ठेवतो. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या किंवा आजीजवळ गावातच थांबून शाळेत येत राहिलेल्या लेकरांची वही एकदा चाळून बघा. घर तेच, आईबाप तेच. वहीत फरक दिसतो.

१८ नोव्हेंबरला आघारकरांची जयंती असते. बहुतेक वर्षी तेव्हा ऊसतोडीच्या गाड्या गावातून निघालेल्या किंवा निघायच्या बेतात असतात. त्या आठवड्यात परिपाठात त्यांची गोष्ट सांगा, आणि वर्गातली कोणती लेकरं यंदा थांबू शकतील याची यादी मुख्याध्यापकांकडे वेळेत द्या.